फाइनटेक-ब्रिंडली मूत्राशय उत्तेजक : काम चोख, मोल जबर

इंग्लंडमधील वेल्विन गार्डन सिटी येथील फाइनटेक मेडिकल या कंपनीचे ‘फाइनटेक-ब्रिंडली’ उत्तेजक यंत्र मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाच्या शरीरात शस्त्रक्रियेने बसवले जाते. बटण दाबून लघवी करता यावी आणि शौचाचे रोजचे कष्टही कमी व्हावेत, हा त्याचा हेतू आहे. या क्षेत्रात सतत काही ना काही नवे येत असते, त्याच्या बातम्या छापून येतात आणि रुग्णाचे नातेवाईक त्या आशेने एकमेकांना पाठवतात. हे यंत्र मात्र चाळीस वर्षांहून जुने आहे आणि त्याची बातमी आता कोणी करत नाही. तरीही परीक्षणासाठी तेच निवडले, कारण पूर्ण इजा झालेल्या, म्हणजे मेंदूशी खालच्या शरीराचा संबंध पूर्ण तुटलेल्या माणसाची लघवी विजेच्या साहाय्याने खरोखर बाहेर काढून दाखवणारी आणि दीर्घकाळ तपासली गेलेली उपकरणे फार थोडी आहेत आणि त्यांत याचा क्रमांक पहिला लागतो. ते सांगितलेले काम करते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि तरीही दहा जणांनी विचारले तर मी ते फार तर एक-दोघांना सुचवीन.

मणक्याला मार बसून चाकाच्या खुर्चीवर आलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न चालण्याविषयी विचारतात. त्या माणसाच्या मनातला क्रम बहुधा वेगळा असतो. २००४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मज्जारज्जूची इजा झालेल्या ६८१ व्यक्तींना, कोणती क्षमता परत मिळाल्यास आयुष्य सर्वाधिक सुधारेल, असे विचारले गेले होते. हात निकामी झालेल्यांनी हातांना आणि फक्त पाय गेलेल्यांनी लैंगिक क्षमतेला पहिली पसंती दिली. मूत्राशय आणि आतड्यांवरील ताबा दोन्ही गटांत वरच्या क्रमांकांवर होता. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. लग्नाला जायचे की नाही, एसटीने प्रवास करायचा की नाही, नोकरीच्या ठिकाणी किती तास थांबता येईल, हे सगळे शेवटी लघवी आणि संडास यांच्या वेळापत्रकावरच ठरते.

इजेनंतर नेमके काय बिघडते हे समजल्याशिवाय यंत्राचे गुणदोष कळणार नाहीत. मूत्राशयाच्या भिंतीला आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आज्ञा देणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातून, त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाच्या, दुसऱ्या ते चौथ्या पातळीच्या मुळांतून निघतात. इजा त्याच्या वर, म्हणजे पाठीत किंवा मानेत झाली असेल, तर हे खालचे केंद्र जिवंत राहते, पण मेंदूशी त्याचा संबंध तुटलेला असतो. मग ते स्वतःच्या मर्जीने वागू लागते: मूत्राशय थोडे भरताच आचके देऊन आवळते आणि त्याच क्षणी, जो सैल पडायला हवा तो मूत्रमार्ग आवळणारा स्नायूही घट्ट होतो. बंद दारावर जोर लावल्यासारखी ही स्थिती असल्यामुळे मूत्राशयातला दाब वाढतो, लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढू शकते, थोडी आत उरून कुजते आणि वारंवार जंतुसंसर्ग होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे रुग्ण फार काळ जगत नसत, त्यामागे मूत्रपिंडांची ही हानी हे एक मोठे कारण होते. अमेरिकेतील डॉक्टर लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये स्वच्छ हातांनी दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत मांडली आणि तिच्यामुळे हे चित्र पालटले. आजही तीच पद्धत, तिच्या जोडीला मूत्राशय शांत ठेवणाऱ्या गोळ्या किंवा स्नायू सैल पाडणाऱ्या बोटॉक्स या औषधाची इंजेक्शने, हा जगभरातील पहिला आणि बहुतेकांसाठी पुरेसा मार्ग आहे. कोणत्याही यंत्राची तुलना या मार्गाशी व्हायला हवी. ‘काहीच केले नाही तर’ या कल्पनेशी तुलना करणाऱ्या माहितीपत्रकांवर फार विसंबू नये.

बाजारात ‘नसांचे उत्तेजन’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. एका प्रकारात वीज नसेला हुकूम देते: आवळ, आणि मूत्राशय आवळते. फाइनटेक-ब्रिंडली या प्रकारातले आहे. दुसऱ्या प्रकारात वीज सौम्य असते, ती संवेदना वाहणाऱ्या तंतूंमार्फत खालच्या केंद्राची चिडचिड कमी करते आणि मूत्राशय स्वतःहून नीट वागेल अशी वाट पाहते. मेडट्रॉनिकचे इंटरस्टिम, अ‍ॅक्सोनिक्सचे यंत्र आणि घोट्याजवळच्या टिबियल नसेवर चालणारी उपकरणे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. पहिला प्रकार मेंदूशी संबंध पूर्ण तुटलेल्यांसाठी आहे, तर दुसऱ्याचा उपयोग मुख्यतः काही धागे शाबूत असलेल्यांना होतो. एखाद्याला इंटरस्टिमने फायदा झाल्याचे ऐकून पूर्ण इजा झालेल्या रुग्णाने तेच यंत्र मागावे, यात त्याची चूक नाही. पण ती दोन दुखणी निराळी आहेत.

यंत्राच्या नावातले ब्रिंडली म्हणजे लंडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली. हा माणूस एकंदरीत विलक्षणच. त्यांनी १९६० च्या दशकात अंध व्यक्तीच्या मेंदूवर विद्युत अग्रे बसवून प्रकाशाचे ठिपके दाखवले होते, आणि १९८३ मध्ये लास वेगास येथील वैद्यकीय सभेत लिंगाला ताठरता आणणाऱ्या इंजेक्शनचा परिणाम स्वतःच्या शरीरावर दाखवून श्रोत्यांची जी भंबेरी उडवली, तिचे किस्से मूत्ररोगतज्ज्ञ अजून सांगतात. मूत्राशयाच्या यंत्रावर त्यांनी १९७० च्या दशकात आधी बबून माकडांवर काम केले, माणसातील पहिले यशस्वी रोपण १९७८ च्या सुमारास झाले, पहिल्या पन्नास रुग्णांचा अहवाल १९८६ मध्ये आणि पहिल्या पाचशे रुग्णांचा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. किती यंत्रे निकामी झाली आणि ती कशी दुरुस्त केली, याचा स्वतंत्र हिशेबही त्यांनी पुढच्याच वर्षी मांडला. आपल्या यंत्राचे बिघाड इतक्या उघडपणे मोजणारा निर्माता दुर्मीळ असतो.

रचनेत मला सर्वांत आवडलेली बाब म्हणजे शरीराच्या आत बॅटरीच नाही. कमरेच्या खाली, कण्याच्या पोकळीत, त्रिकास्थीच्या मुळांपैकी हुकूम वाहून नेणारी पुढची मुळे वेगळी करून छोट्या खाचांमध्ये बसवतात. त्या खाचांत धातूची अग्रे असतात. तिथून सिलिकॉनने मढवलेल्या तारा त्वचेखालून पुढे आणून पोटावर किंवा छातीच्या खालच्या भागात ठेवलेल्या ग्राहक ठोकळ्याला जोडलेल्या असतात. बाहेर हातात मावणारी नियंत्रक पेटी असते आणि तिला जोडलेली चकती त्या ठोकळ्यावर, त्वचेवरूनच धरायची असते. ऊर्जा आणि आज्ञा दोन्ही रेडिओ लहरींनी आत जातात. बॅटरी संपली म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येत नाही. पेटी बिघडली तर पेटी बदलता येते. अलीकडच्या काही यंत्रांत बॅटरी पुन्हा भारता येते, तर काहींत काही वर्षांनी आतला भागच बदलावा लागतो. त्यांच्या तुलनेत ही जुनी पद्धत मला अधिक शहाणपणाची वाटते.

वापरण्याची रीत मात्र पहिल्यांदा ऐकताना अविश्वसनीय वाटते. वीज दिल्यावर मूत्राशय आणि मूत्रमार्ग आवळणारा स्नायू दोन्ही एकाच वेळी आवळतात, कारण दोघांच्या नसा त्याच मुळांतून जातात. मग लघवी बाहेर येईल कशी? उत्तर दोन्ही स्नायूंच्या स्वभावात आहे. आवळणारा स्नायू हातापायांच्या स्नायूंच्या जातीचा असतो, वीज मिळताच आवळतो आणि थांबताच लगेच सैल पडतो. मूत्राशयाची भिंत सावकाश आवळते आणि गॅस बंद केल्यावर तवा जसा काही वेळ तापलेला राहतो तशी वीज थांबल्यावरही काही सेकंद आवळलेली राहते. म्हणून यंत्र काही सेकंद वीज देते, काही सेकंद थांबते, पुन्हा देते. आणि थांबलेल्या त्या सेकंदांत लघवी पिचकारीसारखी बाहेर येते. धार सलग नसते, पायही थोडे उसळतात, आणि सुरुवातीला हा प्रकार काहींना चमत्कारिक वाटतो. पण शेवटी मूत्राशयात उरते ते बहुधा फार थोडे. अमेरिकेत २३ जणांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, तीन महिन्यांनी तपासलेल्या २१ जणांपैकी १८ जणांना यंत्राने एका वेळी २०० मिलिलिटरहून जास्त लघवी करता येत होती. ज्यांना दिवसातून चार-सहा वेळा नळी घालावी लागते त्यांना या आकड्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

शौचाबद्दल माहितीपत्रके कमी बोलतात आणि माझ्या मते तिथेच या यंत्राचे अर्धे मोल आहे. पूर्ण इजा झालेल्या माणसाचे पोट साफ होणे म्हणजे सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी), एनिमा, पोट चोळणे आणि बरेचदा हातमोजा घालून बोटाने मळ काढणे, हे सगळे एक दिवसाआड किंवा रोज. अनेकांच्या घरी यात तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जातो. ते काम आई, बायको किंवा पगारी सेवक करतो, आणि घरात या विषयावर सहसा कोणी बोलत नाही. उत्तेजनाची लय बदलून, म्हणजे मधली विश्रांती लांबवून, हेच यंत्र मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला आणि गुदाशयाला आवळायला लावते. १९९० मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या अभ्यासात बारा जणांपैकी सहा जण हाताची मदत न घेता, केवळ यंत्राने, पूर्ण शौच करू शकत होते. वर उल्लेखिलेल्या अमेरिकी चाचणीत वर्षाअखेर तपासलेल्या १७ जणांपैकी १५ जणांचा शौचाला लागणारा वेळ कमी झाला होता. ज्यांना बटण दाबूनही पूर्ण साफ होत नाही, त्यांच्या बाबतीतही मळ खाली सरकतो आणि उरलेले काम हलके होते. एखाद्या घरात रोजचा एक तास वाचणे म्हणजे काय, हे ज्याने तो तास घालवला आहे त्यालाच कळेल.

आता किमतीकडे वळू, आणि ही किंमत केवळ पैशांत नाही. हुकूम देणारी पुढची मुळे यंत्राला जोडली तरी संवेदना वाहणारी मागची मुळे तशीच राहिली, तर मूत्राशयाचे ते आचके चालूच राहतात, लघवी गळत राहते आणि दाब वाढत राहतो. जर्मनीतील बाड विल्डुंगेन येथील डॉक्टर डीटर साउअरवाइन यांनी १९८६ पासून रोपणाच्या वेळीच ही मागची मुळे कापण्याची पद्धत रूढ केली. त्याने दुखण्याचे मूळच तुटते: मूत्राशय शांत होते, त्याची धारणक्षमता वाढते, दाब उतरतो, मूत्रपिंडे सुरक्षित होतात, आणि वरच्या पातळीची इजा असलेल्यांना मूत्राशय भरल्यावर रक्तदाब एकाएकी धोकादायक चढण्याचा जो त्रास होतो तोही पुष्कळ कमी होतो. त्याच केंद्राचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष ४६४ रुग्णांवर आधारित आहेत: ८३ टक्के रुग्णांची लघवी गळणे थांबले आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण वर्षाला सरासरी ६.३ वरून १.२ वर आले. शरीरात रोपण करावयाच्या उपकरणांच्या जगात असे निकाल सहजी दिसत नाहीत.

पण कापलेले मूळ परत जोडता येत नाही. मागची मुळे कापली की स्पर्शाने होणारी लिंगाची ताठरता जाते, प्रतिक्षिप्त, म्हणजे मेंदूच्या आज्ञेविना आपोआप होणारे, वीर्यस्खलन जाते, स्त्रियांमध्ये योनीतील प्रतिक्षिप्त ओलावाही जातो. इजा अपूर्ण असेल आणि जननेंद्रियांभोवती थोडी जाणीव उरली असेल, तर तीही संपते. शौच होण्यास मदत करणारा नैसर्गिक प्रतिसाद नाहीसा होतो, त्यामुळे नंतर यंत्र बंद पडल्यास बद्धकोष्ठता आधीपेक्षा वाढू शकते. काहींना शिंकताना किंवा खुर्चीवरून पलंगावर सरकताना थोडी लघवी गळू लागते. काही पुरुषांत दुसऱ्या पातळीच्या मुळांना वीज देऊन ताठरता आणता येते हे खरे, परंतु सर्वांना ते जमत नाही, आणि लग्न ठरायचे आहे अशा पंचविशीतल्या तरुणाशी हा विषय शस्त्रक्रियेपूर्वी स्पष्ट शब्दांत बोलला गेलाच पाहिजे. घरातील वडीलधाऱ्या मंडळींसमोर तो बोलला जात नाही म्हणून तरुणाला एकटे बसवून विचारावे. शुक्राणू आधी काढून गोठवून ठेवण्याची सोय आहे, हेही त्याच बैठकीत सांगायला हवे.

या तडजोडीला एकेकाळी पर्याय कमी होते. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मज्जारज्जूच्या इजेमुळे बिघडलेल्या मूत्राशयासाठी बोटॉक्सला मान्यता दिली आणि तराजू हलला. मूत्राशयाच्या भिंतीत टोचलेल्या या औषधाने आचके काही महिने थांबतात, मग पुन्हा टोचून घ्यावे लागते. नळी घालणे सुटत नाही. पण काहीही कायमचे कापावे लागत नाही. कदाचित उद्या मज्जारज्जू दुरुस्त करणारा उपचार निघेल आणि तेव्हा ही मुळे हवी असतील, असे म्हणणारे तरुण रुग्ण भेटतात. त्या आशेला मी हसणार नाही. मात्र वारंवार ताप येऊन मूत्रपिंडे खराब होत चाललेल्या माणसाने त्या उद्यासाठी आज किती गमवावे, हा हिशेब त्यानेच आपल्या डॉक्टरांसह मांडायचा आहे.

तांत्रिक दोषांविषयी थोडक्यात. तारा तुटू शकतात, अग्रांपाशी मुळाला इजा होऊ शकते, जंतुसंसर्ग झाल्यास सगळे काढावे लागते, कण्यातील द्रव पाझरू शकतो. यांपैकी बऱ्याच बिघाडांना दुरुस्तीची शस्त्रक्रिया आहे, पण ती जाणणारे हात थोडे आहेत. आणि सर्वच रुग्ण यंत्र वापरत राहतात असेही नाही: नेदरलँड्समधील नायमेखेन येथे हे यंत्र बसवलेल्या ७३ जणांच्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४६ जण ते वापरत होते आणि २७ जणांनी सोडले होते. जे वापरत होते त्यांची आयुष्याची गुणवत्ता, न बसवलेल्या तशाच रुग्णांपेक्षा सरस दिसली. म्हणजे ज्याला लागू पडले त्याला खरोखरच लागू पडले. पण तीनातल्या एकाहून अधिक जणांनी आपली मुळे कापून घेऊन शेवटी यंत्र बाजूला ठेवले, हा आकडा प्रत्येक इच्छुकाने दोनदा वाचावा.

दुसरी चिंता कंपनीच्या आयुष्याची आहे. अमेरिकेत हेच यंत्र ‘व्होकेअर’ या नावाने क्लीव्हलंडच्या न्यूरोकंट्रोल कंपनीने आणले, १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि थोड्याच वर्षांत कंपनीने हा व्यवसाय गुंडाळला. यंत्र वाईट होते म्हणून हे झाले नाही. घेणारे थोडे होते. डच हिशेबानुसार नळ्या, औषधे, डायपर आणि संसर्गावरील उपचार यांचा वाचलेला खर्च साधारण आठ वर्षांत यंत्राचा खर्च भरून काढतो, आणि अमेरिकी हिशेबानुसार सुमारे पाच वर्षांत. हे हिशेब त्या देशांतील विमा आणि दरांवर बेतलेले आहेत. महाराष्ट्रातील ज्या घरात एकच नळी धुऊन पुन्हा पुन्हा वापरली जाते आणि काळजी घेणारे माणूस घरचेच असते, तिथे ‘वाचलेला खर्च’ कागदावर फारसा दिसणारच नाही. वाचते ते घरच्या बाईचे श्रम, आणि त्यांचा भाव कोणी लावत नाही.

यंत्र कोणाला योग्य आहे, ते आता नेमके सांगता येते. इजा पूर्ण आणि त्रिकास्थीच्या केंद्राच्या वर असावी, खालचे केंद्र आणि त्याच्या नसा जिवंत असाव्यात, आणि मूत्राशयाची भिंत अजून आवळू शकत असावी. मूत्राशयातला दाब मोजणाऱ्या युरोडायनॅमिक तपासणीत मूत्राशयाचे आचके दिसले, खालचे प्रतिक्षिप्त प्रतिसाद शाबूत असले, म्हणजे आशेला जागा आहे. कमरेच्या अगदी खाली मार बसून ज्यांच्या नसांचा झुपकाच चिरडला गेला आहे, त्यांना या यंत्राचा उपयोग नाही, कारण वीज ज्या नसेतून जायची ती नसच उरलेली नसते. ही गोष्ट शस्त्रक्रियेच्या खर्चाची जुळवाजुळव सुरू करण्यापूर्वी विचारून घ्यावी. स्त्रियांच्या बाबतीत माझे मत थोडे अधिक अनुकूल आहे: पाय पसरून, आरसा धरून, चाकाच्या खुर्चीवर स्वतःच नळी घालणे त्यांना पुरुषांपेक्षा कितीतरी अवघड जाते, आणि पुरुषांप्रमाणे कंडोम कॅथेटर व युरोबॅग लावण्याची सोय त्यांना नाही. अर्थात लघवी बटणाने होत असली तरी कमोडवर सरकणे किंवा भांडे घेणे चुकत नाही, आणि खुर्ची आत जाईल असे स्वच्छतागृह आपल्याकडे किती कार्यालयांत आहे, हे यंत्र बनवणाऱ्याच्या हातात नाही.

ज्यांची इजा अपूर्ण आहे, ज्यांना पायांत किंवा गुदद्वाराजवळ थोडी जाणीव आहे, त्यांनी या यंत्राकडे वळण्याआधी दुसऱ्या प्रकारची उपकरणे पाहावीत. इंटरस्टिमला अमेरिकेत १९९७ मध्ये लघवीच्या अनावर घाईसाठी आणि २०११ मध्ये शौचावरील ताबा सुटण्यासाठी मान्यता मिळाली. त्याचा मोठा गुण म्हणजे कायमचे रोपण करण्यापूर्वी तात्पुरती तार घालून काही दिवस चाचणी घेता येते; फायदा दिसला नाही तर तार काढून घरी जाता येते. फाइनटेक-ब्रिंडलीत असा कौल आधी घेता येत नाही, आणि मुळे कापण्याचे काम तर एकदाच होते.

घोट्याच्या आतील बाजूस, हाडामागे जाणाऱ्या टिबियल नसेचे उत्तेजन हा सर्वांत स्वस्त मार्ग. दवाखान्यात बारीक सुई टोचून आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे ते करतात. घरी चिकटपट्ट्या लावून, त्वचेवरून सौम्य वीज देणाऱ्या साध्या टेन्स यंत्रानेही करता येते. मूत्राशयाची घाई कमी करण्यात त्याचा उपयोग होतो असे बऱ्याच अभ्यासांत दिसले आहे, परंतु शौचाच्या बाबतीत फार आशा ठेवू नये: ब्रिटनमध्ये मज्जारज्जूची इजा नसलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत खरे उत्तेजन आणि लटके उत्तेजन यांत ठरलेल्या निकषावर लक्षणीय फरक आढळला नाही. टेन्स यंत्र सर्जिकल साहित्याच्या दुकानात सहज मिळते म्हणून ते निरुपद्रवी समजू नये. पायाला जाणीव नसेल तर वीज किती बसते आहे ते कळत नाही, आणि त्वचा भाजू शकते. अंगठा किंचित वाकतो का ते पाहून वीज ठरवावी, पट्टीखालची त्वचा रोज तपासावी, आणि इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर असेल तर पहिल्या काही वेळा रक्तदाब मोजत फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच सुरुवात करावी. लघवी आतच अडकून राहण्याचा प्रश्न असेल तर या उपकरणाच्या भरवशावर नळी घालणे कधीही थांबवू नये.

इतके वाचूनही ज्याचे लक्ष फाइनटेक-ब्रिंडलीवरच स्थिर आहे, त्याने शल्यचिकित्सकाला काही गोष्टी थेट विचाराव्यात. त्यांनी स्वतः किती रोपणे केली आहेत आणि त्यांतले किती जण आजही यंत्र वापरतात? मुळे कोणत्या पातळीवर कापली जातील? तार तुटल्यास ती कोण दुरुस्त करील, आणि बाहेरची पेटी बिघडल्यास बदली पेटी येईपर्यंत लघवी कशी करायची? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नेहमी नळी हेच असते, म्हणून नळी घालण्याचे कौशल्य आणि दोन-चार नळ्या हाताशी ठेवणे सोडता येत नाही. कंपनीकडून आपल्या विशिष्ट मॉडेलसाठी एमआरआय कोणत्या क्षमतेच्या यंत्रावर करता येईल हे लेखी घ्यावे आणि तो कागद, रोपणाच्या कार्डासह, खुर्चीच्या पिशवीत ठेवावा. आपल्याकडच्या फिजिओथेरपी विभागांत पाठ आणि खांदे शेकण्यासाठी शॉर्टवेव्ह डायथर्मीचे यंत्र सर्रास वापरले जाते. शरीरात असे रोपण असलेल्या माणसाला ते लावायचे नसते, कारण त्या लहरींनी आतल्या तारा तापून नसांना इजा होऊ शकते. खुर्चीवर बसून बसून खांदे दुखणारच आहेत आणि शेकायला जाणेही होणारच आहे, तेव्हा तिथल्या माणसाने विचारण्याची वाट न पाहता पहिल्याच भेटीत त्याला हे सांगावे.